इनास मोठा की बाबल मोठा

आमोण्याच्या गोपाळ गवसांच्या मुलीचं, तेजस्विनीचं, लग्न जवळजवळ ठरलं होतं. पत्रिका जुळत होती, मुलाला मोपाच्या विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करायची नोकरी होती, आणि मुख्य म्हणजे मुलगा-मुलगी एकमेकांना आधीच पसंत होती. आता फक्त चहा संपायचा होता आणि वडीलधाऱ्यांनी ‘बरं तर मग’ म्हणायचं होतं. तेवढ्यात मुलाच्या बापाचा फोन वाजला.

तेजस्विनी डिचोलीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करते. तिथल्याच एका रक्तदान शिबिरात तुषार केरकर नावाचा सहा फुटी गडी सुई बघून तिच्या अंगावर आडवा झाला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं, तर ‘तुम्हाला लागलं नाही ना?’ हा माणूस नवरा म्हणून चालेल, असं तिने त्याच दुपारी मनाशी ठरवून टाकलं. पुढची दोन वर्षं गेली ती तुषारला हे समजायला आणि मग दोन्ही घरांना समजवायला. एवढ्या खटपटीनंतर आज पेडण्याच्या टोकावरच्या केरीहून केरकर मंडळी आमोण्यात येऊन बसली होती, बशीत शिरा होता, मिरचीची भजी होती, आणि सगळं कसं लोण्यासारखं चाललं होतं.

फोन विठू केरकरांचा होता. केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर उभी हयात काढून ते आता घरी बसले होते, पण आवाज अजून नदीच्या पलीकडे पोचेल असाच होता. त्यांच्या खिशातून जी रिंगटोन वाजली ती भूपाळी नव्हती की आरती नव्हती. ती गिटार होती. ट्यांव-ट्यांव करत ती वर चढली, वर जाऊन लोळली, आणि विठू केरकरांनी फोन लगेच उचलला नाही. थोडं ऐकू दिलं. घरातल्यांनाही मेजवानी.

“हो कोण वाजवता?” गोपाळ गवसांनी विचारलं.

तेजस्विनीने चमकून वर पाहिलं. कारण तिचे पप्पा पाहुण्यांना आपण होऊन प्रश्न विचारत नसत. खाणीवर पोकलेन चालवण्यात त्यांची जवानी गेली होती, आणि त्या मशीनच्या आवाजात बोलायची सवयच मोडली असावी. घरात ते ‘भात वाढ’, ‘पंखो लाव’ आणि ‘बरां’ एवढ्यावर दिवस काढत. त्यांचं तोंड सुटायचं ते एकाच विषयावर, आणि तो विषय आता विठू केरकरांच्या खिशात वाजत होता.

“वळखूक नाय?” विठू खूश झाले. “हरमलचो बाबल! अख्ख्या गोंयात तेच्या तोडीचो गिटारवालो नाय!”

गोपाळरावांनी कप बशीत ठेवला. कपाचा आवाज झाला तो साधा नव्हता. ताराबाईंनी, म्हणजे तेजस्विनीच्या आईने, डोळे मिटून घेतले.

“वास्कोचो इनास,” गोपाळराव म्हणाले, “तुमी ऐकूक नाय काय?”

हे दोघे कोण ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की एवढं काय त्यात. वास्कोचा इनास हा ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. गोव्यात जिथे म्हणून जत्रा आहे, काला आहे, गणपतीचं मंडळ आहे, तिथे तो वाजवून गेलेला आहे. इनास हलत नाही. खांबासारखा उभा राहतो, डोळे मिटतो, उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलवतो, आणि वाजवून झालं की लोकांकडे असा बघतो, जणू लोकांनीच काहीतरी चूक केली आहे. हरमलचा बाबल त्याच्या नेमका उलट. तो गिटार डोक्यामागे धरून वाजवतो, गुडघ्यावर बसून वाजवतो, दातांनी वाजवतो, प्रेक्षकांत शिरून एखाद्या म्हातारीच्या मांडीवर गिटार ठेवून वाजवतो. म्हातारीला तेवढ्यापुरतं वाटतं की आपणच वाजवतोय.

“इनास?” विठू केरकर म्हणाले. “तो उभ्या उभ्या झोपता तो? बरो आसा. पण माणूस जितो आसा काय मेलो, तां कळाक नको?”

“गिटार हातान वाजवची आसता, आंगान नाय.”

“बाबलान सुक्या बांगड्यान गिटार वाजवल्यान, गोपाळबाब! सुक्या बांगड्यान! मी ह्या डोळ्यांनी बघलंय. हरमलच्या धक्क्यार. एक सूर इकडचो तिकडे जाऊक नाय!”

“बांगड्यान वाजवता तेका गिटारवालो म्हणूचां काय रापणकार?”

रापणीचं जाळं ओढणारी अर्धी माणसं विठू केरकरांच्या नात्यातली होती. गंगाबाईंनी, म्हणजे तुषारच्या आईने, नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. विठूंनी तो बाजूला केला. तुषारने मध्यस्थी म्हणून ‘दोघेही चांगलेच की’ असं म्हणून बघितलं, तेव्हा दोन्ही बापांनी त्याच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. त्या दिवसात तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

“सूनबायक इचारूया,” विठू म्हणाले. सूनबाय हा शब्द ऐकून तेजस्विनीला जरा धीर आला. “सांग गे बाय, तुका कोण आवडता?”

“मला तबला आवडतो,” ती म्हणाली.

तिला वाटलं, आपण फार हुशारीने सुटलो. पण तिच्या या उत्तराने दोन्ही बाजू दुखावल्या, आणि दोघांचाही समज झाला की मुलगी समोरच्याच्या बाजूची आहे आणि नुसती लाजते आहे.

ही दोन्ही माणसं स्वतः गिटार वाजवत असती तर गोष्ट वेगळी होती. पण गोपाळरावांनी आयुष्यात गिटारीला हात लावलेला नव्हता. विठूंनी एकदा मेव्हण्याची गिटार मांडीवर घेतली होती आणि तिची तार तुटून त्यांच्या नाकाला लागली होती. त्यामुळे बाजू मांडायला दोघांकडे तोंडाशिवाय दुसरं साधन नव्हतं, आणि गिटार त्यांनी तोंडानेच वाजवली. गोपाळराव दिवाणखान्यात डोळे मिटून ‘टिंव टिंव टिंऽऽव’ करत उभे राहिले, पायाचा अंगठा हलवत. विठूंनी उत्तरादाखल मानेमागे हात नेऊन ‘ट्यांवट्यांवट्यांव’ केलं आणि त्यांची मान अवघडली. शेजारची विमलाकाकी खिडकीशी येऊन विचारून गेली, कोणाला बरं नाही का.

शेवटी गोपाळराव खाली बसले, टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, “आता असां करूया, विठूबाब. देवाक इचारूया.”

ताराबाईंचा चेहरा पडला. कारण या भागात सोयरीक नको असली तर तोंडावर ‘नको’ कोणी म्हणत नाही. ‘देवाक इचारूया’ म्हणतात. देवळात जाऊन कौल लावायचा, आणि मग देव काय तो वाईट होईल, आपण नाही. गोपाळरावांनी पाहुण्यांना अगदी गोड शब्दांत दार दाखवलं होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला समजलं होतं.

“इचारूया,” विठू केरकर मान धरून म्हणाले. “आमच्याच वाड्यार देव आसा. येत्या आयतारा या.”

तो आठवडा तेजस्विनीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. ती चिडली, रडली, आणि एका भल्या माणसाचं बोट दोनदा टोचलं. तुषारला फोन करून म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग ना, निदान रविवारपुरती दुसरी रिंगटोन लावा म्हणून.”

“सांगितलं,” तुषार म्हणाला. “त्यांनी माझ्या फोनवर पण तीच लावली.”

पप्पांशीही ती बोलली. परसात नळ्यांची दुरुस्ती करत होते, तिथे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “पप्पा, तुम्ही एका गिटारीसाठी माझं लग्न मोडताय.”

“गिटारीसाठी नाय,” ते पाना फिरवत म्हणाले. “ज्या घरात बऱ्या-वायटाची पारख नाय, थय तुका कशी धाडू? आज इनासाक झोपाळू म्हणतत. उद्या तुका काय म्हणतीत?”

तिला राग आला, आणि रागाखाली दुःखही झालं. दोन वर्षं तिने सगळ्या अडचणी आधीच ताडून ठेवल्या होत्या; अंतर, पगार, मासळीची आमटी कोणत्या पद्धतीची, सगळं. बांगड्याने वाजणारी गिटार तिच्या हिशेबात नव्हती.

रविवारी सकाळी गवस मंडळी केरीला पोचली. केरकरांच्या वाड्यावरचं देऊळ लहान आणि नीटनेटकं होतं. समोर सुरूची झाडं, झाडांमागे समुद्राचा आवाज. गुरव होता श्रीनाथ, चाळिशीचा, अतिशय सरळ मार्गाचा माणूस. जे सांगितलं ते तो करायचा, त्यात काना-मात्रेचा फरक करायचा नाही. पुढे जे झालं त्याला त्याचा हा सद्गुणच कारण झाला.

कौलाची रीत तेजस्विनीला लहानपणापासून माहीत होती. गुरव देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे जमलेल्यांचं मागणं देवाला मोठ्याने सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मग वाट बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाच्या मनात आलं तर लगेच पडते, नाहीतर माणसांना बसवून ठेवते.

श्रीनाथ आत पाकळ्या भिजवत होता तेवढ्यात गोपाळराव त्याच्याजवळ गेले आणि कानात काहीतरी बोलले. श्रीनाथने मान हलवली. ते परत येऊन बसले, तर विठू उठले. तेही गेले, कानात बोलले, श्रीनाथने त्यांच्यासाठीही मान हलवली. तेजस्विनीने हे पाहिलं आणि तिला वाटलं, बरं झालं, दोघांनाही उपरती झाली. मुलांच्या भल्याचं काही सांगितलं असेल.

श्रीनाथने हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! ह्या वाड्याच्या राखणदारा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज तुझी लेकरां तुझ्या पायांकडे इली हत, तेंका पदरात घे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आमोण्याचो गोपाळ गवस इचारता काय, वास्कोच्या इनासासारखो गिटारवालो अख्ख्या गोंयात जावक नाय. तां खरां आसात तर उजवो दी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळे म्हणाले. सर्वांत मोठ्याने विठू केरकर म्हणाले. गाऱ्हाण्यात ‘होय’ तोंडातून आपोआप येतो, तिथे डोकं लागत नाही. ‘होय’ बाहेर पडल्यावर विठूंच्या लक्षात आलं आणि त्यांनी हाताने तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

“आणि केरीचो विठू केरकार इचारता काय, हरमलचो बाबलच सगळ्यांत मोठो. तां खरां आसात तर उजवो दी म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आता गोपाळराव सापडले. हात जोडून, डोळे मिटून, मनापासून म्हणून बसले होते.

सभामंडपात एकच गोंधळ उडाला, पण कुजबुजता, कारण समोर देव होता.

“तुमी देवासमोर होय म्हटलास!”

“तुमी आधी म्हटलास! मोठ्यान म्हटलास!”

“माझो होय रीतीचो होतो!”

“माझोय रीतीचोच!”

ताराबाई आपल्या नवऱ्याला गप्प करत होत्या, गंगाबाई आपल्या. तुषारने हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला होता आणि तो लालबुंद झाला होता. आणि श्रीनाथ गुरव? सरळ मार्गाचा माणूस. मागे काय चाललंय याकडे न बघता त्याने शेवटचं वाक्य म्हटलं.

“आणि तुषार केरकार नि तेजस्विनी गवस, ह्या दोगां लेकरांची गाठ तुझ्या मनात आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा!”

“होय महाराजा,” तेजस्विनी म्हणाली.

फक्त तीच म्हणाली. एवढ्या माणसांत तिचा एकटीचा आवाज आला, तोही बारीक. बाकी कोणी ऐकलंच नव्हतं. श्रीनाथने मागे वळून तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मग पुन्हा देवाकडे तोंड केलं. तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. लग्न तिचं, देवळात माणसं तिच्यासाठी आलेली, आणि तिच्या प्रश्नाच्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात गिटार.

मग वाट बघणं सुरू झालं. पाकळ्या जागच्या हलेनात. देवासमोरून उठायचं नाही, भांडायचं तर नाहीच, म्हणून दोन्ही बाप मांडी घालून शेजारी शेजारी बसले आणि भांडण चालू ठेवलं, फक्त आवाज बारीक केला. कुजबुजत भांडायचं तर जवळ सरकावं लागतं. थोड्या वेळाने त्यांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागली होती.

“पेडण्याच्या त्या मंडळात, दोगे एकाच स्टेजार होते तेव्हा—”

“तुमी थय होतास? मीव होतंय! पुढच्या रांगेत!”

“मी जनरेटराकडे. खाणीवरसून थेट गेल्लंय, लाल कपड्यांनी.”

“तो लाल मातयेचो माणूस तुमी? आमी म्हणा होतंव, हो कोण भूत!”

“करंट गेलो तेव्हा इनासान—”

“वाजवीत रवलो! होय! तां मात्र मानूक होया. आणि बाबलान अंधारात—”

“तेच्या गिटारीक साथ दिल्यान. खोटां कित्याक सांगू. बरी दिल्यान.”

तेजस्विनी ऐकत होती. पप्पांचा आवाज तिला ओळखीचाच वाटेना. मशीनवरून उतरलेला माणूस तिने रोज पाहिला होता, मुकाट्याने जेवणारा. आईला नाट्यसंगीत सोडून जगात दुसरं गाणं आहे हे मान्य नव्हतं, आमोण्यात सगळं भजनाचं वेड. पप्पा हे सगळं इतकी वर्षं कोणाशी बोलणार होते? आता ते बोलत होते, थांबतच नव्हते. मध्येच दोघांनी मिळून करंट गेल्यावरचा तो तुकडा तोंडाने वाजवला, ‘टिंव’ एकाचं, ‘ट्यांव’ दुसऱ्याचं, इतकं मन लावून की श्रीनाथला आतून खाकरावं लागलं. तेजस्विनीला हसू आलं, आणि त्याच वेळी पप्पांची कीवही आली.

आणि पाकळी पडली.

डावी.

श्रीनाथने ती उचलून तळहातावर घेतली आणि सगळ्यांना दाखवली. “डावो,” तो म्हणाला.

तुषारने रुमाल तोंडातून काढला. तेजस्विनीला वाटलं, आपण रडायचं नाही, निदान इथे नाही, आणि असं ठरवेपर्यंत डोळे भरून आलेही होते. तिने मान खाली घातली, पण त्याआधी गोपाळरावांनी तिचा चेहरा पाहिला. त्यांना हवं होतं तेच झालं होतं. कौल डावा, देव वाईट, आपण मोकळे. ते आपल्या मुलीकडे बघत राहिले, मग गुरवाकडे वळले.

“श्रीनाथबाब,” ते म्हणाले, “हो कौल कसल्या प्रस्नाचो?”

“शेवटाक इचारलेल्या प्रस्नाचो. तशी रीत आसा.”

“शेवटचो प्रस्न माझो होतो,” गोपाळराव घाईघाईने म्हणाले.

श्रीनाथने तोंड उघडलं, पण गोपाळराव उभे राहिले होते.

“माझोच होतो. इनास सगळ्यांत मोठो काय, असां मी इचारलंय. देवान नाय म्हणान सांगल्यान.” ते थांबले. त्यांनी एकदा विठूंकडे पाहिलं. “इनास मोठो नाय. माका मान्य आसा. बाबल मोठो. लग्नाचो आणि ह्या कौलाचो काय एक संबंध नाय.”

जो माणूस आजवर इनासच्या अंगठ्याविषयीसुद्धा वावगा शब्द ऐकून घेत नव्हता, त्याने हे देवासमोर, चारचौघांत म्हटलं. ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. तेजस्विनीचे आवरून धरलेले अश्रू आता खुशाल वाहायला लागले.

विठू केरकर हे बघत होते. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा मोठा. समोरच्याने एवढं द्यावं आणि आपण फुकट घ्यावं, हे त्यांना सोसेना. तेही उठले.

“नाय, नाय, गोपाळबाब! शेवटचो प्रस्न माझो होतो. देवान बाबलाक नाय म्हटल्यान. इनासच मोठो!”

“माझो होतो म्हणतंय मां! बाबलच मोठो!”

“काय मोठो? दातांनी वाजवता तो! ती काय कला? माकडचाळे सगळे!”

“विठूबाब, तोंड सांभाळा! सुक्या बांगड्यान एक सूर इकडचो तिकडे होवक नाय, तां येरागबाळ्याचां काम नाय!”

“इनास डोळे मिटून वाजवता तेव्हा आंगार काटो येता! माका येता! घरात कोणाक सांगूक नाय आजवर!”

“आणि बाबलान त्या म्हातारेच्या मांडयेर गिटार ठेवल्यान, ती म्हातारी माझी मावशी! मरासर त्याचीच गोष्ट सांगा होती!”

दोघे एकमेकांची बाजू घेऊन हातघाईवर आले. कुजबुजायचं भान सुटलं होतं. श्रीनाथने दोन्ही हात वर केले तेव्हा कुठे गप्प झाले.

“तुमका कोणाकच म्हायत नाय,” तो म्हणाला. “तुमी कोणीच आयकूक नाय. आयकलां ता एकट्या ह्या चेडवान.” तो तेजस्विनीकडे वळला. “बाय, तू सांग. शेवटचो प्रस्न कोणाचो?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. पप्पा तर हात जोडल्यासारखे उभे होते. तिने ‘पप्पांचा’ म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. शब्द ओठांवर आलाही. पण समोर देव, आणि पप्पांनी तिच्यासाठी एवढं सोडून दिल्यावर आपण त्यावर खोट्याची भर घालायची हे तिला जमेना.

“माझा होता,” ती म्हणाली. “आमच्या लग्नाचा. तुम्ही सगळे भांडत होता. ‘होय महाराजा’ मी एकटीच म्हटलं.”

तुषारने मटकन खाली बसून घेतलं. सुई बघितल्यासारखं.

श्रीनाथ हातातली पाकळी बाजूला ठेवून म्हणाला, “मगे तो प्रस्न देवाकडे पोचूकच नाय. गाऱ्हाण्याक सगळ्यांचो होय लागता. एकट्याचो होय धरीत नाय. माझ्या बापाशीन असांच शिकवल्यान, तेच्या बापाशीन तेका. तेव्हाच माका थांबाक होयां होतां, माझी चूक झाली.” त्याने दोन्ही बापांकडे पाहिलं. “सगळ्यांचो होय मिळालो तो तुमच्या दोन प्रस्नांक. दोनय प्रस्न एकच, कोण मोठो तो; डावो दोगांक. इनासय नाय, बाबलय नाय.”

दोघांनीही माना खाली घातल्या. दोघांचेही चेहरे एखादं माणूस गेल्यासारखे झाले होते. पण एकानेही हरकत घेतली नाही.

श्रीनाथने नव्या पाकळ्या भिजवल्या, लावल्या, आणि या वेळी देवाला एकच गोष्ट विचारली. तुषार आणि तेजस्विनीची गाठ. “होय म्हाराजा!” असा गजर झाला की सुरूच्या झाडांवरचे कावळे उडाले. त्यात सगळ्यांत मोठा आवाज गोपाळ गवसांचा होता, आणि तो मध्येच फाटला. गंगाबाईंनी तेजस्विनीचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला. चांगलं तासभर बसवून देवाने उजवा दिला.

गूळ-खोबरं वाटलं गेलं, बायका एकमेकींना कुंकू लावायला लागल्या, विठूंनी तारीख आत्ताच धरूया म्हणून तुषारला भटजींकडे पिटाळलं. तेजस्विनीने पप्पांना शोधलं तर ते बाहेर सुरूच्या झाडाखाली एकटेच उभे होते, समुद्राकडे तोंड करून. ती जवळ जाऊन उभी राहिली.

“पप्पा,” ती म्हणाली, “इनास खरंच मोठा नाही?”

गोपाळरावांनी वळून देवळाकडे पाहिलं. दार उघडंच होतं. त्यांनी तिचा हात धरला, तिला आणखी जरा पलीकडे, लाटांच्या आवाजाजवळ नेलं, पुन्हा एकदा मागे बघून खात्री करून घेतली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “चेडवा, देवाक गिटारीतलां काय कळता?”